कूलर बंद केल्यावर

तिसऱ्या भागाआधी कूलर बंद करायचे, असं ठरलं.
सदूभाऊ म्हणाले, अरे बाप्पा, मे महिना हाय,
मानसं उठून जातीन.
ऊर्मी म्हणाली, जाऊ द्या.
मग जरा थांबून: सात मिनिटांत कोणी जात नाही.

आम्ही चौघं. वसुधाताईंचं व्हायोलिन, एलिशाचा सेलो,
फैजानचा डफ,
आणि मी, क्लॅरिनेट,
अकरा वर्षं लग्नांत काढलेला, इतवारी ते कामठी,
सोनेरी झालरीच्या कोटात,
जो बँडमालकाचा होता
आणि कोणाच्याच मापाचा नव्हता.

वरातीत आम्ही उलटं चालायचो.
हे कोणी शिकवत नाही.
तोंड नाचणाऱ्यांकडे, पाठ रस्त्याकडे,
खड्डा टाचेला आपोआप कळतो.
नवऱ्याचा मामा कधी दमेल,
नोट कोणाच्या दातांत आहे,
सूर त्यावर लांबायचा.

इथं कागद आहे.
पहिल्या दिवशी मी कागदात इतका बुडलो
की ऊर्मी नाचली कधी नि बसली कधी, कळलंच नाही.
ती उठली, माझं स्टँड उचलून
भिंतीकडे तोंड करून ठेवलं,
जसं वर्गात एखाद्या पोराला उभं करतात.
काहून, मी विचारलं.
माह्याकडे पाय, ती म्हणाली.

पाय म्हणजे बघ, आमच्याकडे.

नंदनवारांची ऊर्मी. गोळीबार चौकामागे
त्यांचा हातमाग होता.
विकला तेव्हा ती सहावीत.
नंतर कित्येक रात्री घरात कोणाला झोप येईना,
इतकं शांत.
घुंगरू ती बांधत नाही. विचारलं तर म्हणते,
धोटा आहे ना पायात, आणखी काय बांधू.

तिसऱ्या भागात आम्ही खुर्च्या सोडून चालतो.
सेलोला चालता येत नाही,
म्हणून सगळं सेलोकडे चालत येतं.

त्या संध्याकाळी धरमपेठेतल्या त्या सभागृहात
कूलर एकेक करून थांबले.
आधी पाती, मग पंप,
मग ताट्यांतून निथळणारं पाणी, टप्, बराच वेळ टप्.
वसुधाताईंनी गज त्या थेंबावरच ठेवला.
ओल्या हवेनं ढिला पडलेला डफ
हळूहळू ताणला जाऊ लागला,
फैजान बोटांनी त्याला समजावत होता, एवढं नको, एवढं नको.
पहिल्या रांगेत कोणी निमंत्रणपत्रिकेनं वारा घ्यायला लागलं,
चुकीच्या लयीत,
मग आमच्या.

आणि ऊर्मी गिरकीतून उतरली
ती कूलरखालच्या ओल्यावर.
टाच सरकली.
पडली नाही. एका पायावर थांबली,
दुसरा हवेत, कुठे ठेवावा हे त्याला माहीत नसलेला.
लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे.

माझा सूर तिथे संपायचा होता.
संपवला असता तर ती एकटी राहिली असती.
मी धरून ठेवला.
छातीत वारा होता तेवढा दिला, मग नव्हता तोही,
आणि माझ्या टाचा मागे निघाल्या,
आपोआप, कामठी रोडवर निघायच्या तशा,
एक पाऊल, अर्धं,
तिच्या डोळ्यांवरचे डोळे न काढता.
ती आली.
लहान पोर येतं तशी नाही,
वरात येते तशी आली, आपल्याच तोऱ्यात,
कोरड्या फरशीपर्यंत.
एलिशानं खालची तार इतकी हळू वाजवली
की ती आधी खुर्चीला ऐकू आली असेल.

नंतर सदूभाऊ सापडले बटनांच्या पाटीपाशी,
बोट बटनावर, शर्ट पाठीला चिकटलेला.
सात मिनिटांवर सुरू करायचे होते ना?
हो. किती झाले?
अकरा.

पुढच्या तालमीला माझा कागद पाहिला.
त्या जागी पेन्सिलीनं, तिच्या अक्षरात,
एकच शब्द: पाय.
कोणता, ते ती सांगत नाही.
आणि स्टँड अजून भिंतीकडेच आहे.